करारावरचे एक नाव

मी भिलाईच्या हुडकोत राहतो. दिल्लीत १९७० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाच्या नावाचे हे लघुरूप, पण आमच्या तोंडी ते गावाच्या नावासारखे बसले आहे. आमच्या गल्लीत शिकवणीसाठी आलेली मुले एका खोलीत तिघे-तिघे राहतात. भाडे तिघे भरतात, करार मात्र एकाच्या नावे. तो एक निघून गेला की उरलेले दोघे कोण? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचा माग नागपूरला जातो.

१९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर. तिथल्या सरकारने १९४९ साली घरभाड्याविषयी एक आदेश काढला. घर रिकामे होणार असे कळताच मालकाने सात दिवसांत वर्दी द्यायची. मग डेप्युटी कमिशनर ते सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला द्यायला लावू शकत. मालकाच्या घरात परका माणूस आणून बसवायला सरकारला संकोच नव्हता. भाडेकरूने मात्र लेखी परवानगीवाचून एखादी खोली पोटभाड्याने दिली, तर त्याला घालवायला तेवढे कारण पुरे होई.

पुढे विदर्भ मुंबई राज्यात गेला, तरी हा आदेश तिथे २००० सालापर्यंत टिकला. आमच्याकडे मध्य प्रदेशाचा १९६१चा कायदा आला. तो आणखी कडक: परवानगीशिवाय जागा दुसऱ्याच्या ताब्यात दिली, मग पैसे घेऊन असो वा फुकट, भाडेकरूवर गदा.

मुंबईत मात्र १९७३ साली कायदा वेगळ्या दिशेने वळला. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना त्याने भाडेकरूचा दर्जा दिला. पेइंग गेस्टला वगळले. पेइंग गेस्ट म्हणजे कुटुंबाबाहेरचा असा माणूस, ज्याला जागा देणारा स्वतः राहतो त्याच घराचा एक भाग लायसन्सवर दिला आहे. ही व्याख्या मला शहाणपणाची वाटते. एका चुलीभोवतीच्या माणसांत कायद्याने फार शिरू नये. पण मालक रायपूरला आणि खोलीत तीन पोरे, अशा घराला ती लागू कशी पडणार?

छत्तीसगडच्या २०११च्या कायद्याने लेखी करार सक्तीचा केला. त्यावर तिन्ही नावे लिहायला कुणाची मनाई नाही. मालकांना एकच नाव सोयीचे वाटते, आणि जून महिन्यात खोली शोधणाऱ्या पोरांना वाद घालायला सवड नसते.