तळटीप १४ : ‘गॅस दोन घरं वाढवला’

१४. गॅस दोन घरं वाढवला : उल्लेख ७.६२ मिमी एसएलआर (१ए१) या अर्धस्वयंचलित रायफलीचा आहे. बेल्जियमच्या एफएएलवर बेतलेली ही रायफल ईशापूरच्या कारखान्यात तयार होई. १९६२च्या युद्धात आपल्या पायदळाच्या हाती असलेल्या जुन्या .३०३ची जागा पुढे तिने घेतली आणि १९९०च्या दशकात इन्सास येईपर्यंत ती जवानांची मुख्य रायफल राहिली.

गोळी सुटताच नळीतला थोडा वायू दट्ट्याला मागे रेटतो. त्या जोरावर बोल्ट मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगमुळे पुढे येताना मॅगझीनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. धूळ, काजळी किंवा घट्ट झालेले तेल यांमुळे बोल्ट पुरता मागे गेला नाही, तर पुंगळी अडकते किंवा नवे काडतूस उचललेच जात नाही. अशा वेळी रेग्युलेटरचे कडे फिरवून बाहेर निसटणारा वायू कमी करतात. दट्ट्याला अधिक जोर मिळतो. लेखकाने केले ते हेच. मात्र हा उपाय सफाईची सवड मिळेपर्यंतचाच, कारण गरजेहून जास्त वायूने खांद्याला धक्का वाढतो आणि भाग लवकर झिजतात.

पुढच्या परिच्छेदातला अडथळा निराळा आहे. तिथे काडतुसाचे टोक चेंबरच्या तोंडाशी टेकून अडकले आहे. हा दोष बहुधा मॅगझीनचा असतो : तोंडाच्या कडा वाकलेल्या, नाहीतर स्प्रिंग थकलेली. म्हणूनच हवालदार रेग्युलेटरला हात न लावता आधी मॅगझीन बदलायला सांगतो.