राजधानी पाहावी बांधून

‘भारताची राजधानी कोणती?’ या प्रश्नाला ‘दिल्ली’ असे उत्तर दिले तरी चालते, पण काटेकोर मास्तर ‘नवी दिल्ली’च लिहून घेतात. आता, सारी दिल्ली सुमारे १४८३ चौरस किलोमीटर आणि नवी दिल्लीच्या नगरपालिकेची हद्द जेमतेम ४३! म्हणजे शंभर खोल्यांचा वाडा, पण मान सगळा तीन खोल्यांच्या बिऱ्हाडाला!

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण काढणाऱ्याने राजधानी बांधली नसावी. दिल्लीचा इतिहास वाचताना मला सारखे वाटते, की हे गाव बांधणाऱ्याला काही लाभत नाही.

शहाजहानचेच घ्या. १६३९ साली त्याने लाल किल्ल्याचा पाया घातला, १६४८ साली थाटात राहायला आला. पुढे दहाच वर्षांनी चिरंजीवांनी त्याला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले. १६६६ साली तो गेला, तोही तिथेच.

त्याच्या तीनशे वर्षे आधीचा महंमद तुघलक तर आपल्या ओळखीचाच. बदलीचा हुकूम कारकुनाला येतो हे आपण जाणतो. या गृहस्थाने १३२७ च्या सुमारास राजधानीचीच बदली केली, आणि तीही आपल्या देवगिरीला! नाव ठेवले दौलताबाद. बेत तसा अगदीच वेडा नव्हता. दक्षिणेचा मुलूख राखायचा तर तख्त जवळ हवे. पण वाट चाळीस दिवसांची, आणि ती तुडवायची रयतेने. पुढे दिल्लीला आलेल्या इब्न बतूताने एक हकीगत लिहून ठेवली आहे: एका आंधळ्याला ओढत नेले, आणि दौलताबादेला त्याचा नुसता पाय पोहोचला. इतिहासकार म्हणतात, ही अतिशयोक्ती. असेलही. पण पायाला फोड आल्याशिवाय लोक अशा गोष्टी रचत नाहीत. मी त्या किल्ल्याची नुसती अंधारी चढलो तर गुडघे बोलू लागले! काही वर्षांनी सुलतानाने लोकांना परत जायची मुभा दिली. म्हणजे पुन्हा चाळीस दिवस.

मग आले इंग्रज. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीच्या दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याचे जाहीर केले. गुपित असे राखले होते, की भल्याभल्यांना पत्ता नव्हता. तीन दिवसांनी तिथेच पायाचे दगडही बसवले. नंतर साहेबाच्या ध्यानात आले, की जागा काही सोयीची नाही! रायसीन्याची टेकडी पसंत पडली आणि दगड उचलून तिकडे नेले. रायसीना, मालचा या गावच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. पसंती-नापसंती त्यांना कोण विचारतो?

ल्युटेन्स आणि बेकर हे दोन नामांकित वास्तुशिल्पी कामाला लागले, आणि रस्त्याच्या चढावरून त्यांचे जे बिनसले ते बिनसलेच. चढ असा झाला, की खालून येणाऱ्याला वाटेत व्हाइसरॉयचा वाडाच नीट दिसेना! ३४० खोल्यांचा वाडा झाकायचा, म्हणजे काय कमी कसब लागते? अखेर फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या राजधानीचे उद्‌घाटन झाले आणि ऑगस्ट १९४७ मध्ये मालक निघून गेले. बांधायला वीस वर्षे, राहायला साडेसोळा! पागडी देऊन चाळीत आलेला भाडेकरूसुद्धा याहून अधिक टिकतो. त्या वाड्यात आता आपले राष्ट्रपती राहतात.

इंडिया गेटजवळ छत्रीखाली पाचव्या जॉर्जचा संगमरवरी पुतळा होता. १९६८ साली तो हलवला, आणि पुढे तो नेऊन ठेवला थेट दरबाराच्या त्याच जुन्या मैदानात. हुकूम सुटला ती ही जागा. महाराज अजून तिथेच उभे आहेत; दरबार तेवढा उठून गेला आहे.