नगराची आखणी आणि ग्रामस्थांचा शब्द

जेरुसलेमचा तट पुन्हा उभारण्यास आलेला नहेम्या नगरात पोहोचल्यावर तीन दिवस आपल्या मनातले कुणाशीच बोलला नाही. रात्रीच्या वेळी मोजकी माणसे बरोबर घेऊन त्याने पडक्या तटाची पाहणी केली आणि त्यानंतरच लोकांना एकत्र बोलावले. पुढे काम वाटले गेले आणि अनेकांनी आपापल्या घरासमोरचा तट बांधून काढला. जुन्या करारातील या हकिकतीकडे आपण श्रद्धेचा पाठ म्हणून पाहतो. पण ती नगररचनेचीही हकिकत आहे. आधी पाहणी, मग लोकांशी बोलणे आणि शेवटी बांधणी, हा तिचा क्रम. आपल्या वसईत हा क्रम कसा उलटला, हे नव्या पिढीला ठाऊक असावे म्हणून हा लेखप्रपंच.

वसईची जुनी मध्यवस्ती खाडीकडे तोंड करून वसली होती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकला. या दोन्ही घटनांचे केंद्र किल्ला व बंदर हेच होते. किल्ल्याबाहेरच्या गावांची रचना मात्र पाण्याने ठरविली. पावसाचे पाणी साठविणारी बावखले, त्यांवर चालणारे रहाट, त्या पाण्यावर पोसलेल्या केळीच्या व पानवेलींच्या वाड्या, आणि वाड्यांमधून चर्चकडे, देवळाकडे व बाजाराकडे जाणाऱ्या वाटा. कागदावर आराखडा नव्हता, तरी पाणी कोठून येते व कोठे जाते हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होते. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाताना पाड्यावरच्या आदिवासी बांधवाला त्या काळीही कुणी विचारत नव्हते, हे विसरून चालणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात रेल्वे आली आणि १८६७ साली विरारहून मुंबईकडे लोकल सुरू झाली. 'बेसिन रोड' हे स्थानक जुन्या वसईपासून दूर, नवघर-माणिकपूरच्या शेतांत उभे राहिले. पुढे दीर्घकाळ ते भाजी, फुले, पाने व दूध मुंबईला धाडण्याचे ठिकाण होते. मुंबईत घर घेणे मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा माणसांचा लोंढा खाडी ओलांडून अलीकडे आला आणि स्थानकाभोवतीच नवे शहर वाढू लागले. वसईचे मध्य खाडीवरून स्थानकावर सरकले. हा बदल ना कोणत्या सभेत ठरला, ना कोणी ग्रामस्थांना विचारून केला.

१९८८ च्या सुमारास शासनाने वसईतील मोठे क्षेत्र बांधकामास खुले केले आणि १९९० साली वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविले. इमारती आधी उभ्या राहिल्या. पाणी, गटारे व रस्ते मागे राहिले. बांधकामांसाठी व नव्या वसाहतींसाठी विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले आणि बागायतदार हवालदिल झाला. याच काळात 'सुवार्ता'चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. हिंदू व ख्रिस्ती, शेतकरी व शिक्षक, गृहिणी व धर्मगुरू त्यात खांद्याला खांदा लावून उतरले. २०२४ साली फादर निवर्तले. पण त्या लढ्यामुळे हिरवा पट्टा हा शब्द वसईच्या घराघरांत पोहोचला.

या उपप्रदेशाचा २०२१ पर्यंतचा विकास आराखडा शासनाने २००७ साली मंजूर केला. २००९ साली चार नगरपरिषदा व अनेक गावे मिळून महानगरपालिका झाली. गावे वगळावीत म्हणून पुन्हा आंदोलन झाले आणि तो वाद न्यायालयात गेला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर पोहोचली होती.

कायद्यात लोकांच्या आवाजाला जागा नाही असे मात्र नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांवर सुनावणी घ्यावी लागते. उणीव आहे ती वेळेची. रेषा आखून झाल्यावर लोकांना बोलावले जाते. मग प्रत्येक जण आपला सर्व्हे नंबर शोधतो आणि आपल्या जमिनीवरचे आरक्षण उठावे म्हणून अर्ज करतो. बावखल, ओढा, पायवाट हे कुणा एकाचे नसतात; त्यांच्यासाठी हरकत कोण घेणार? २०१६ साली मुंबई महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा आला, तेव्हा वसईकरांनी एकत्र येऊन सामायिक हरकती घेतल्या. ही जाग मोलाची होती. पण तीही रेषा आखल्यानंतरचीच.

रेषेआधी लोकांकडे जाण्याची वाट या देशात शंभर वर्षांपूर्वी दाखविली गेली आहे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याआधी होळकरांच्या इंदुरात प्लेगचा कहर असताना त्यांनी सरसकट पाडापाडीला विरोध केला. दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या वाटेने न जाता ज्या वस्त्या स्वच्छ व दुरुस्त होतील त्यांतून जाईल, असे त्यांनी जाहीर केले. लोकांनी गल्ल्या झाडल्या, घरे रंगविली, गाड्या भरभरून कचरा बाहेर काढला. आधी निदान, मग उपचार, हे गेडिस यांचे सूत्र होते. शहर पायी फिरल्याशिवाय ते कागदाला हात लावीत नसत.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून वेगळी नाही. लहान समूहाला जे साधते ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये, हे तत्त्व पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली मांडले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात, जे त्या जागी राहणार त्यांचे मत नगररचनेत विचारात घेतलेच पाहिजे, असे सांगितले. त्या जागी राहणारे म्हणजे केवळ मूळचे आपण नव्हे. स्थानकालगतच्या चाळीत भाड्याने राहणारा कामगारही त्यात आला. जुलै २०१८ च्या पुरात वसई-नालासोपारा जलमय झाले आणि मिठागरांत शेकडो माणसे अडकली. पाण्याने त्या वेळी भूमिपुत्र व परका असा भेद केला नाही.

पुढील आराखडा हरकतींसाठी समोर येईपर्यंत वाट पाहणे आता परवडणारे नाही. प्रत्येक धर्मग्रामाने ग्रामस्थ, देवस्थान समित्या, पाडे व गृहसंकुले यांना सोबत घेऊन आपल्या गावातील बावखले, विहिरी, ओढे, वहिवाटीच्या वाटा व पाणी तुंबण्याच्या जागा यांची नोंद करावी. जुन्या जाणत्यांना जागेवर नेऊन विचारावे आणि तरुणांनी ते नकाशावर उतरवावे. स्थानकाच्या परिसरात बाजार, एसटी, रिक्षा व पायी चालणाऱ्यांना किती जागा लागते, हेही तेथे वावरणाऱ्यांकडूनच समजून घ्यावे. ही नोंद प्रारूप तयार होण्यापूर्वी नियोजन अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी आणि तिची पोच घ्यावी. आमच्या मते हरित वसईच्या लढ्याचा पुढचा टप्पा हाच आहे.