सूर्याआधीचा उजेड : दादोबा पांडुरंग, सुरत आणि बायबलातली अवघड स्थळे

दादोबा पांडुरंग तर्खडकर म्हटले की आपल्याला व्याकरण आठवते. १८३६ साली छापलेले ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आणि ‘मराठी भाषेचे पाणिनी’ हा लौकिक. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक गोष्ट आठवायला हवी. हे दादोबा आपल्या या गावात इंग्रजी शाळेत शिक्षक होते आणि २२ जून १८४४ रोजी इथे सुरू झालेल्या मानवधर्म सभेच्या संस्थापकांत होते. पण त्यांचे एक पुस्तक सहसा कोणी काढत नाही. १८७८ साली लंडनच्या जेम्स स्पियर्स या प्रकाशकाने ते छापले. पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्याच्या लांबलचक नावाचा गाभा मराठीत असा : स्वीडनबोर्गच्या ग्रंथांविषयी एका हिंदू गृहस्थाचे चिंतन.

इमॅन्युएल स्वीडनबोर्ग (१६८८–१७७२) हा स्वीडनमधला ख्रिस्ती गूढवादी. उत्तरायुष्याची पंचवीसेक वर्षे त्याने मुख्यतः बायबलाचा आतला अर्थ उलगडण्यात घालवली. आणि दादोबा? भूतखेत, मंत्रतंत्र, जातिभेद यांच्यावर सुरतेत तुटून पडलेल्या मंडळींपैकी एक. कोणताही ग्रंथ ईश्वराने लिहून दिलेला नाही असे मानणारी परमहंस सभा मुंबईत १८४९ साली निघाली, तिच्या मुळाशीही तेच. असा माणूस वयाच्या चौसष्टाव्या वर्षी या स्वीडिश गृहस्थाबद्दल आदराने पुस्तक लिहितो, हे कसे काय? म्हातारपणी माणूस देवाकडे वळतो, असे म्हणून विषय संपवता येतो. मला ते उत्तर पटत नाही. माझ्या मते याची मुळे एका जुन्या प्रश्नात आहेत : पवित्र मानलेल्या ग्रंथात बुद्धीला न पटणारी ओळ आली तर वाचकाने काय करायचे?

ग्रंथांचे गाव

हा प्रश्न सुरतेला नवा नव्हता. आपण सुरतेचा इतिहास जकात, जरी आणि जहाजे यांत मोजतो, पण हे गाव ग्रंथांचेही होते. इंग्रजांच्या वखारीतला पाद्री हेन्री लॉर्ड याने इथले बनिया आणि पारशी यांच्या धर्मांवर लिहिलेले पुस्तक १६३० साली प्रसिद्ध झाले. आंकतिल द्युपेरों हा फ्रेंच तरुण १७५८ ते १७६० च्या सुमारास इथेच दस्तूर दाराब यांच्याकडे अवेस्ता शिकला आणि १७७१ साली त्याने त्याचे फ्रेंच भाषांतर पॅरिसला छापले. कतारगाम दरवाजाकडची इंग्रज, डच आणि आर्मेनियन कबरस्थाने आपल्या मंडळींनी पाहिलेली आहेतच.

लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायव्ही १८१५ मध्ये सुरतेला आले. त्यांनी इथे छापखाना घातला, आणि १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजराती बायबल याच गावात छापून निघाले. म्हणजे दादोबा सुरतेत आले तेव्हा बायबल हे परक्या भाषेतले दूरचे पुस्तक राहिले नव्हते. मेहताजींच्या शाळेत शिकलेल्या पोरालाही वाचता येईल अशा लिपीत ते बाजारात होते. त्यातच मुंबईत १८३९ साली दोन पारशी तरुणांनी डॉ. विल्सन यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला आणि १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री प्रकरण गाजले. ज्याच्या त्याच्या घरात धर्मग्रंथाची चर्चा शिरली होती.

अशा हवेत दुर्गाराम मंछाराम मेहताजी, दादोबा आणि त्यांचे सोबती मानवधर्म सभा काढतात. सभेतल्या पाच प्रमुखांची नावे ‘द’ने सुरू होत, म्हणून गुजरातीत त्यांना ‘पांच दद्दा’ म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिठावरच्या वाढीव कराविरुद्ध सुरतेत दंगल उसळली, त्यामुळे १८४४ हे साल गावाला दोन कारणांनी लक्षात राहावे. सभेचा कस सोपा होता : ईश्वर एक, माणसांचा धर्म एक, आणि जे पटत नाही ते कोणी सांगितले यावर न जाता तपासून घ्यायचे. आता ही कसोटी एकदा स्वतःच्या पुराणांना लावली, की शेजारच्याच्या पुस्तकालाही लावावीच लागते. सगळा तिढा इथे सुरू होतो.

अवघड ओळी, दोन नमुने

बायबलातली अवघड स्थळे म्हणजे नेमके काय, हे दोन उदाहरणांनी पाहू.

पहिले उदाहरण उत्पत्तीच्या पुस्तकातले, अगदी पहिल्या अध्यायातले. पहिल्या दिवशी उजेड निर्माण होतो. सूर्य, चंद्र आणि तारे होतात चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस उजेड कशाचा होता, आणि सूर्य नसताना ‘दिवस’ मोजले कसे? हा प्रश्न कोणा नास्तिकाने शोधून काढलेला नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन यानेच तो विचारला होता आणि अशा जागी शब्दशः अर्थ घेणारा शहाणा माणूस कुठे असेल, असे म्हटले होते.

दुसरे उदाहरण वंशावळीचे. येशूची वंशावळ मत्तयाने दिली आहे आणि लूकनेही. मत्तय सांगतो की योसेफाचा बाप याकोब, लूक सांगतो एली. एका माणसाला दोन बाप? यावर ज्यूलियस आफ्रिकानस याने तिसऱ्या शतकात खुलासा केला : याकोब आणि एली हे एका आईचे दोन मुलगे, एक निपुत्रिक वारला, तेव्हा यहुदी रिवाजाप्रमाणे दुसऱ्याने त्याच्या विधवेशी लग्न केले. झालेला मुलगा रक्ताने एकाचा, कायद्याने दुसऱ्याचा.

हा खुलासा आजच्या युरोपीय वाचकाला ओढूनताणून आणलेला वाटू शकतो. आपल्याला मात्र त्यात नवल वाटायचे कारण नाही. धृतराष्ट्र आणि पंडू रक्ताने व्यासांचे, पण वंश सांगताना विचित्रवीर्याचे. शिवाय दत्तक गेलेल्या माणसाची दोन घराण्यांतली दोन नावे आपल्याकडच्या कागदपत्रांत पावलोपावली भेटतात. दोन बाप असणे हा इथे कोणाच्या श्रद्धेचा पेच नव्हता. कंपनी सरकारने १८४८ साली साताऱ्याचे दत्तक नामंजूर केले तेव्हा तो राजकारणाचा पेच झाला, एवढेच.

यातून मी एक गोष्ट शिकलो. ओळ अवघड की सोपी हे निम्मे ओळीवर अवलंबून असते आणि निम्मे वाचणाऱ्याच्या घरावर. वंशावळ आपल्याला सोपी जाते. उलट, देव एक पण व्यक्ती तीन, शून्यातून निर्माण झालेली सृष्टी, एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याने भोगणे, या गोष्टी पाश्चात्त्य ख्रिस्ती माणसाला लहानपणापासून ऐकून सवयीच्या झालेल्या असतात. इथल्या वाचकाला नेमक्या त्याच अडतात.

तीन वाटा

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे अशा ओळींवर तीन प्रकारची उत्तरे दिसतात.

पहिली वाट वादाची. मुंबईत मोरभट दांडेकरांनी विल्सनसाहेबांशी वाद केला आणि १८३१ साली ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. तुम्ही आमच्या पुराणांतल्या विसंगती दाखवता, तर तुमच्या पुस्तकातल्याही बघा, असा हा बाणा. पुढे १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत. वकिली म्हणून हे चोख आहे. पण ओळ होती तिथेच अवघड राहते.

दुसरी वाट कात्रीची. राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूच्या नीतिवचनांचे पुस्तक काढले आणि चमत्कार व सिद्धान्ताचा भाग बाजूला ठेवला. त्यावर सेरामपूरचे जोशुआ मार्शमन चिडले आणि मोठा वाद झाला. कात्रीचा फायदा असा की उरते ते पटते. तोटा असा की कात्री धरणारा हात आपलाच असतो, म्हणून ग्रंथ आपल्याला आधीच माहीत असलेलेच सांगतो.

तिसरी वाट आतल्या अर्थाची, आणि ही स्वीडनबोर्गची.

खाणखात्यातला माणूस

मी तीस वर्षे यंत्रांच्या नकाशांवर काढलेला माणूस, म्हणून मला स्वीडनबोर्गची पहिली ओळख जवळची वाटते. तो स्वीडनच्या खाणखात्यात असेसर होता. १७१८ साली राजा बारावा चार्ल्स याच्या मोहिमेसाठी जहाजे जमिनीवरून ओढून नेण्याच्या कामात त्याचा हात होता. १७३४ मध्ये त्याने धातू आणि खनिजे यांवर मोठा ग्रंथ छापला. मग साधारण १७४५ च्या आसपास त्याला साक्षात्कार होऊ लागले, आणि १७४७ मध्ये त्याने नोकरी सोडली. १७४९ ते १७५६ या काळात उत्पत्ती आणि निर्गम या दोन पुस्तकांवर त्याने आठ खंडांचे भाष्य लिहिले.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे की बाहेरच्या प्रत्येक वस्तूला आत एक जोडीदार आहे. उत्पत्तीतले सहा दिवस म्हणजे जगाच्या बांधकामाचे वेळापत्रक नव्हे, माणूस आतून नवा होण्याच्या त्या सहा अवस्था आहेत. आधी उजेड पडतो, म्हणजे आपल्यापेक्षा वरचे काही आहे याची जाणीव होते. प्रेमाचा सूर्य आणि श्रद्धेचा चंद्र मात्र पुष्कळ पुढे, चौथ्या अवस्थेत उगवतात. समजणे आधी, प्रेम नंतर. सूर्याआधीचा उजेड असा सुटतो.

आता वर सांगितलेल्या तीन अडचणी पुन्हा घ्या. स्वीडनबोर्गने देवातल्या तीन वेगळ्या व्यक्ती नाकारल्या. सृष्टी शून्यातून झाली हे नाकारून ती ईश्वराच्याच प्रेम आणि ज्ञानातून झाली असे म्हटले. एकाची शिक्षा दुसऱ्याने भोगण्याचा सिद्धान्तही त्याला मान्य नव्हता. इथला वाचक जिथे जिथे अडत होता, तिथे तिथे या ख्रिस्ती माणसाने आतूनच दार उघडले होते. वेदान्त ऐकत वाढलेल्या दादोबांना तो जवळचा वाटला यात मला नवल वाटत नाही.

मुख्यार्थाला अडथळा आला की

पण दादोबांकडे आणखी एक हत्यार होते. पुराणिकांच्या आणि वेदान्त्यांच्या जोडीला ते व्याकरणकार आणि टीकाकारही होते. मोरोपंतांच्या केकावलीवर १८६५ साली त्यांनी ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली, आईवडिलांची नावे जोडून. मोरोपंत लावायचे म्हणजे अन्वय, समास, श्लेष, सगळे आले. या शिस्तीत वाढलेल्या माणसाला अवघड ओळ हे संकट वाटत नाही, ते रोजचे काम असते.

आपल्या शास्त्रात याला नियमही आहे. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ हे लक्षणेचे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण. पाण्याच्या प्रवाहावर घरे राहू शकत नाहीत, म्हणून ‘गंगा’ म्हणजे गंगेचा काठ. इथे तीन अटी आहेत. मुख्य अर्थाला अडथळा हवा. नव्या अर्थाचा जुन्याशी संबंध हवा. आणि तसे बोलण्यामागे रूढी तरी हवी किंवा काही हेतू तरी. म्हणजे वाक्य शब्दशः लागत नाही याचा अर्थ वाक्य खोटे असा होत नाही, आणि मनाला येईल तो अर्थ चालतो असाही होत नाही.

या तीन अटी मी स्वीडनबोर्गला लावून बघतो. पहिली तो पाळतो, निदान सूर्याच्या ओळीत. दुसरीही पुष्कळदा पाळतो. प्रेम आणि ऊब, ज्ञान आणि उजेड यांचा संबंध कोणालाही कळेल. तिसरीवर मात्र गाडी अडते. हा अर्थ रूढ कुठे आहे, असे विचारले तर तो सांगतो, मला परलोकातून कळले. तिथे तपासणी थांबते. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७६६ साली त्याची टर उडवली ती याच कारणाने. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर माप बरोबर आहे, पण मापाची पट्टी फक्त एकाच माणसाकडे आहे.

म्हणून स्वीडनबोर्ग माझ्या मनाला भिडतो, पण मी त्याचा अनुयायी होऊ शकत नाही. दादोबांचे काय? शीर्षकात त्यांनी स्वतःला काय म्हणवले ते पुन्हा पाहा : हिंदू गृहस्थ. हे पद त्यांनी सोडले नाही. सुरतेत त्यांनी स्वतःच्या घरच्या ग्रंथांना जी कठोर कसोटी लावली, तिची दुसरी बाजू त्यांनी लंडनच्या पुस्तकात दाखवली, असा माझा निष्कर्ष आहे. परक्याच्या ग्रंथाला दुरुत्तर करणे सोपे, त्यातले गैरसोयीचे कापून टाकणेही सोपे. मोरोपंतांच्या आर्येसाठी जितका धीर धरतो तितकाच परक्याच्या ओळीसाठी धरणे हे अवघड, आणि त्या काळात तर फारच अवघड होते. मिशनरी आणि शास्त्री दोघेही त्या धीराला फितुरी म्हणू शकत होते.

आजही एखाद्या धर्मग्रंथातली एक ओळ सुटी काढून मोबाइलवर फिरवली जाते, आणि ‘बघा, हे असं लिहिलंय’ म्हणून शेजारच्या गल्लीकडे बोट दाखवले जाते. अशा वेळी मी विचारतो, हीच ओळ आपल्या ग्रंथात असती तर आपण ती कशी लावली असती? अन्वय पाहिला असता, संदर्भ पाहिला असता, लक्षणा लावली असती. मग तेवढे कष्ट इथेही घ्या, आणि नंतर न पटली तर खुशाल नाकारा. १८४४ च्या सुरतेतून आणि १८७८ च्या पुस्तकातून मला मिळालेली पट्टी ही एवढीच. ती कोणा एकाच्या मालकीची नाही. म्हणून ती आपापल्या घरी नेऊन वापरून बघावी, ही विनंती.