खोक्यावरचा आकडा

गेल्या महिन्यात पुतण्याच्या मुलीचा फोन आला. "आजोबा, तुमच्या कपाटात तो जुना डिजिटल कॅमेरा आहे ना? किती मेगापिक्सेलचा आहे हो तो?" कॉलेजातल्या मुलांमध्ये सध्या वीस वर्षांपूर्वीच्या खिशातल्या कॅमेऱ्यांची टूम निघाली आहे, हे मला तिच्याकडूनच कळलं. फोनपेक्षा त्यांचे फोटो "वेगळे" येतात म्हणे. येत असतील. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. २००५ साली दुकानातल्या काचेच्या कपाटावर वाकून आमचा पुतण्या जे विचारत होता, नेमकं तेच आज त्याची लेक विचारत होती. म्हटलं, जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, तर या एका प्रश्नाचाच इतिहास लिहून काढावा. (सनावळ्या येतील. जुनी खोड आहे, सोसून घ्या.)

फिल्मच्या काळात हा प्रश्न नव्हता. १८८८ साली जॉर्ज ईस्टमननं पहिला कोडॅक विकायला काढला तो १०० फोटोंची फिल्म आत भरूनच. किंमत २५ डॉलर. फोटो संपले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. १० डॉलर भरले की फोटो धुऊन-छापून मिळायचे आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत यायचा. १९०० साली ब्राउनी आला. पुठ्ठ्याचा डबा, किंमत १ डॉलर. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा शिरला तो बऱ्याच अंशी आगफा क्लिक थ्रीच्या रूपानं. १२० नंबरचा रोल, १२ चौकोनी फोटो, फोकस जुळवायची भानगड नाही. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये काळ्या कागदावर कोपरे चिकटवलेले चौकोनी फोटो असतील, तर ते बहुधा त्याचेच.

यातली मेख अशी की कॅमेरा म्हणजे मुख्यतः अंधारा डबा आणि पुढे एक भिंग. चित्र टिपायचं काम फिल्म करायची, आणि फिल्म दर वेळी नवी यायची. बाहेर ऊन असेल तर १०० स्पीडचा रोल घाला, घरात कार्य असेल तर ४०० चा. वडिलांच्या कॅमेऱ्यात मुलगा कालपरवा बाजारात आलेला रोल घालू शकायचा. त्यामुळे कॅमेरा निवडताना थोडं इकडेतिकडे झालं तरी आभाळ कोसळत नसे.

डिजिटलनं ही सोय काढून घेतली. फिल्मच्या जागी सेन्सर आला, तो कॅमेऱ्यातच कायमचा बसवलेला. म्हणजे कॅमेरा विकत घेताना तुम्ही त्याच्या आयुष्यभराचा एकच रोल विकत घेऊ लागलात! साध्या गिऱ्हाइकावर एवढा मोठा निर्णय आधी कधी आलाच नव्हता. माझ्या मते पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

सुरुवात तशी साधीच होती. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला (त्याबद्दल नोबेल मिळालं २००९ साली, ४० वर्षांनी). १९७५ च्या डिसेंबरात कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, १०० गुणिले १०० म्हणजे १० हजार ठिपके, फोटो काळा-पांढरा, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे १९९५ साली जपानच्या कॅसिओनं क्यूव्ही-१० काढला. मागे छोटा पडदा असल्यामुळे काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसायचा. ठिपके अडीच लाख. कागदावर छापला तर चित्र उसवल्यासारखं दिसे.

तेव्हा ठिपके वाढणं ही खरीच गरज होती, हे मान्य केलं पाहिजे. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. आता किती पुरे? गणित माझा विषय नव्हे, पण हा गुणाकार चौथीचा आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. आपण अल्बममध्ये लावतो तो फोटो ६ इंच बाय ४ इंच. म्हणजे १८०० गुणिले १२००, एकूण २१ लाख ६० हजार. दोन मेगापिक्सेलच्या किंचित वर. एवढे ठिपके १९९९ च्या सुमारास, महाग का होईना, मिळू लागले होते. भिंतीवर लावायला १० बाय ८ इंच हवा तर ७२ लाख. तेही २००५-०६ पर्यंत साध्या कॅमेऱ्यांत आलं. घरगुती माणसाची गरज तिथे संपली.

पण आकडा थांबेना. ७ झाले, ८ झाले, १०, १२, १४. कारण दुकानदाराला सांगायला सोपा, खोक्यावर ठळक छापायला सोपा, आणि दोन कॅमेऱ्यांत "मोठा कोणता" हे पोरालाही कळणारा दुसरा आकडा नव्हता. ज्या आकड्यानं खरा फरक पडत होता तो खोक्यावर नसायचाच. तो आतल्या पत्रकात, बारीक अक्षरांत, शेवटच्या पानावर. सेन्सरचा आकार.

हा आकार लिहायची तऱ्हाही नामी. खिशातल्या कॅमेऱ्यांवर "१/२.५ इंच" असं लिहिलेलं असे. तुम्ही-आम्ही हिशेब करून म्हणणार, म्हणजे १० मिलिमीटर झाले. पण सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात जेमतेम ७ मिलिमीटर! हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं आहे. नळ्या केव्हाच गेल्या, माप मात्र राहिलं. तो तुकडा सुमारे पावणेसहा बाय सव्वाचार मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. आपल्या ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. क्षेत्रफळ काढा, सुमारे ३५ पट फरक येतो.

आता त्या नखाएवढ्या वावरात कुणी ६० लाख रोपं लावली काय आणि १२० लाख लावली काय, ऊन तेवढंच पडणार. प्रत्येक रोपाच्या वाट्याला मात्र निम्मं येतं. भर दुपारी अंगणात याचा काही फरक पडत नाही, ऊन मुबलक असतं. फरक पडतो संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात. प्रकाश कमी पडला की कॅमेरा मिळालेला संकेत आतल्या आत वाढवून घेतो. रेडिओचं स्टेशन लांबचं असलं की आपण आवाज वाढवतो, तशी मग खरखरही वाढते. कॅमेरा ती खरखर पुसायला जातो, आणि पुसता पुसता सुरकुत्या, पापण्या, लुगड्याचे काठ, सगळंच पुसून टाकतो.

आणि आपल्या घरचे फोटो असतात कुठले? बारसं, सत्यनारायण, हळद, कार्यालयातल्या पंगती. बहुतेक सगळे छपराखालचे, दिव्याच्या उजेडातले. २००९ साली आमच्या मावशीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. भाच्यानं त्यासाठी मुद्दाम १२ मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा आणला होता (कंपनीचं नाव सांगत नाही). चारही बहिणी एका सतरंजीवर बसलेल्या, असा तो एकच प्रसंग. पुढच्या वर्षी मावशी गेली. ते फोटो आज संगणकावर मोठे करून बघावेत तर चेहऱ्यांवरून ओला बोळा फिरवल्यासारखं दिसतं. आईच्या हनुवटीवरचं गोंदण त्यात नाही. त्याच घरातला १९८४ चा फिल्मवरचा फोटो आहे, त्यात ते स्पष्ट दिसतं.

हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. १९९८ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये फिल ॲस्की या गृहस्थानं डीपीरिव्ह्यू सुरू केलं. तिथे कॅमेरे पारखायची पद्धत शाळेतल्या प्रयोगासारखी होती. तेच दृश्य, तोच उजेड, कॅमेरा तेवढा बदलायचा. मग त्याच फोटोचा तोच कोपरा मोठा करून शेजारी शेजारी मांडायचा. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो तेही घड्याळ लावून मोजायचं. माझं इंग्रजी अडखळत चालणारं, पण शेजारी मांडलेले दोन तुकडे बघायला इंग्रजी कशाला लागतं? २००६ साली फुजीच्या एफ-३० ची तिथे वाखाणणी झाली. ६ मेगापिक्सेलच, पण सेन्सर थोडा मोठा आणि दिव्याखाली चेहरे शाबूत. दुकानात मात्र ६ चा आकडा १० च्या शेजारी गरीब दिसायचा. कंपनीनं पुढच्याच वर्षी एफ-५० काढला, १२ मेगापिक्सेलचा.

पारखणाऱ्यांचा परिणाम झाला तो उशिरा. कॅननचा जी-१० हा २००८ चा कॅमेरा १४.७ मेगापिक्सेलचा होता. २००९ साली त्याचा पुढचा अवतार जी-११ आला तो १० मेगापिक्सेलचा. एवढ्या मोठ्या कंपनीनं आपला आकडा स्वतःहून खाली आणला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

बाकी सामानाची कथा वेगळी नाही. बॅटरीवर किती फोटो निघतात ते पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं मोजायची. २००३ साली जपानी कॅमेरा कंपन्यांच्या सिपा या संघटनेनं नियम केला: पडदा चालू, दर ३० सेकंदांनी एक फोटो आणि एकाआड एक फोटोला फ्लॅश. साधा नियम, पण गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा. कार्डांत तर नुसती भाऊबंदकी. सोनीची मेमरी स्टिक १९९८ ची, एसडी कार्ड १९९९ चं, ऑलिंपस आणि फुजीचं एक्सडी २००२ चं. शेवटी २०१० च्या सुमारास सोनी आणि ऑलिंपस दोघेही एसडीकडे वळले. आता जुना कॅमेरा शोधणाऱ्या नातवंडांनी मेगापिक्सेल विचारण्याआधी कार्ड कुठलं ते विचारावं. एक्सडी बनायचं केव्हाच बंद झालं आहे. दुसरं म्हणजे साधे पेन्सिल सेल चालतात का ते बघावं. त्या त्या मॉडेलची खास बॅटरी वीस वर्षांनी फुगलेली निघते, आणि बदली मिळेलच असं नाही. पेन्सिल सेल वाण्याकडेही मिळतात. मात्र रिचार्ज होणारे घ्या, साधे सेल हे कॅमेरे चटकन पिऊन टाकतात.

पुढचं थोडक्यात. सिपाच्या आकड्यांनुसार २०१० साली १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ७७ लाखांच्या आसपास. मधली जागा फोननं खाल्ली. डीपीरिव्ह्यू २००७ साली ॲमेझॉननं विकत घेतलं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी हळहळून जुनी पानं उतरवून ठेवायची धडपड केली. जूनमध्ये दुसऱ्या एका कंपनीनं ते घेतलं आणि ते वाचलं. कॅमेरे विकणाऱ्याच्याच मालकीची पारख १६ वर्षं तशी नि:पक्ष राहिली, हे मला तर विशेषच वाटतं.

आणि आकडा? तो फोनवर जाऊन बसला आहे. २०० मेगापिक्सेल असं फोनच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. सेन्सर अजूनही लहानच. म्हणून फोन करतो काय, तर शेजारशेजारचे १६ ठिपके एकत्र करून त्यांचा एक ठिपका धरतो. २०० ला १६ नं भागा. साडेबारा येतात.