केबलमधला पीळ आणि तारेच्या खांबांचा इतिहास

लातूरच्या एका कार्यालयात जुन्या नोंदी बघत होते. स्कॅन केलेलं एक पान उघडायला पाच-पाच मिनिटं. तिथले काका म्हणाले, "मॅडम, पाण्याची मोटर चालू केली की नेट असंच करतंय बघा." वर पाहिलं तर नेटवर्कची केबल लाइटच्या वायरींसोबत एकाच पट्टीत कोंबलेली! माझा विषय दळणवळणाचा इतिहास, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं वाटलं. ते शंभर वर्षांहून जुनं आहे.

आपल्याकडे नांदेडवरून जाणारी मनमाड–सिकंदराबाद मीटर गेज लाइन 1901 पर्यंत पूर्ण झाली. बार्शी लाइटची छोटी गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली. त्या काळी रुळांसोबत तारेचे खांब ठरलेलेच. तारायंत्राला एक तार पुरायची, परतीची वाट जमिनीतून. थोडी खरखर आली तरी 'कट्ट-कडकट्ट' कळायचं.

टेलिफोनला मात्र ही खरखर सोसेना. शेजारून विजेची तार गेली की बोलणं ऐकू येईना. यावर अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्ये पेटंट घेतलं: दोन तारा घ्या आणि एकमेकींभोवती पिळा. बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचतं, म्हणून गोंगाट वजा होतो. खांबांवरच्या उघड्या तारा पिळता येत नाहीत, म्हणून ठरावीक अंतरावर त्यांच्या जागा बदलत. तोही पीळच, फक्त लांबलचक.

1990 मध्ये इथरनेट याच पिळलेल्या जोड्यांवर आलं. त्याआधीच्या जाड केबलमध्ये एक सांधा ढिला झाला की सगळ्यांचं नेट बंद पडायचं. आजच्या केबलमध्ये चार जोड्या असतात, प्रत्येकीचा पीळ वेगळा.

आता खरी गंमत. कनेक्टरमध्ये निळी जोडी मधोमध, 4 आणि 5 क्रमांकावर असते, कारण टेलिफोनची मुख्य जोडी मधे असायची. तिच्या दोन्ही बाजूंना, 3 आणि 6 वर, हिरवी जोडी विभागून बसते. (पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.) कुणी म्हणतं, "दोन्हीकडं सारखे रंग लावले की झालं ना!" नाही झालं. रंग ओळीने लावले तर 3 आणि 6 वर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात आणि पिळाचा उपयोग संपतो. साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण नेट रडत राहतं. मग दोष नेट कंपनीला आणि खर्च नव्या स्विचवर. लातूरला नेमकं हेच झालं होतं. दोन्ही टोकं नीट क्रिम्प केली, केबल विजेपासून लांब घेतली, पान लगेच उघडलं.

म्हणून ऑफिसात केबल टाकताना एवढं पाळा. क्रिम्प करताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका. विजेच्या वायरींसाठी वेगळी पट्टी ठेवा. भिंतीतली केबल 90 मीटर आणि दोन्ही टोकांच्या जोडवायरी मिळून 10, याच्या पुढे जाऊ नका. गठ्ठा करकचून आवळू नका.

आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहून तो वहीत नोंदवा. केबल टाकणारा माणूस उद्या तिथे नसेल. मग ती वहीच त्या ऑफिसचं दप्तर. दप्तर हरवलं की काय होतं, ते आम्हा इतिहासवाल्यांना विचारा!