रोमचे दळण

मैत्रिणींनो, पाच किलो गहू दळायला दिले आणि घरी येऊन पीठ तोलले तर ते पावणेपाच किलोच भरले, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळ जणींना असेल. विचारायला जावे तर उत्तर ठरलेले: "ताई, थोडी घट यायचीच. पीठ उडते, यंत्रात राहते." थोडे उडते हे मलाही दिसते. पण किती उडते यावरून माझी एकदा गिरणीत चांगलीच बोलाचाली झाली. त्याच सुमारास वाचनालयातून आणलेल्या रोमच्या इतिहासाच्या पुस्तकात मला नेमके हेच भांडण सापडले, आणि तेही दीड हजार वर्षांपूर्वीचे! तेव्हा स्मारिकेसाठी दुसरा विषय शोधावा असे मला वाटलेच नाही.

रोम शहरात तिबर नदीच्या पलीकडच्या काठाला जानिकुलम नावाची टेकडी आहे. सम्राट ट्राजन याने इ. स. १०९ मध्ये दूरवरून पाण्याचा एक बांधीव पाट या बाजूने शहरात आणला होता. पुढे त्याच पाण्याच्या जोरावर टेकडीच्या उतारावर पिठाच्या चक्क्या चालू लागल्या. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची पाणचक्की आपल्यापैकी काही जणींनी सहलीत पाहिली असेल. पाण्याने चाक फिरवायचे आणि चाकाने जात्याची वरची तळी फिरवायची, ही युक्ती तीच. रोमन लोक बहुधा चाक उभे ठेवीत आणि दात्यांच्या चाकांनी ती गती आडव्या दगडाला देत.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात डायनामियस नावाचा शहराचा एक मुख्य अधिकारी होता. चक्कीवाले लबाडी करतात अशा तक्रारी त्याच्याकडे आल्या. त्याने जानिकुलमवर सरकारी तराजू बसवले आणि हुकूम दगडावर कोरून लावला. तो दगड आजही वाचता येतो. लोकांनी धान्य आणले की आधी तोलावे. दळून झाल्यावर त्याच वजनांनी पीठ तोलावे, म्हणजे काही चोरीला गेले नाही अशी प्रत्येकाची खात्री होईल. दळणावळ एका मोदियसाला तीन नाणी. मोदियस म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास गहू मावतील असे माप. आणि जो कोणी याखेरीज पीठ मागेल त्याला दंड, शिवाय दांडक्यांचा मार! हे वाचून मला मनापासून हसू आले. मार राहू द्या, पण "त्याच वजनांनी" हे शब्द त्या अधिकाऱ्याने घातले, त्यावरून तो स्वतः कधीतरी दळणाला गेला असावा असे मला वाटते.

पाणचक्की येण्यापूर्वी रोमचे दळण कोण दळीत असे? गाढवे, घोडे आणि गुलाम. सम्राट ऑरेलियन (इ. स. २७० ते २७५) याने गरिबांना फुकट धान्य देण्याऐवजी तयार पाव वाटायला सुरुवात केली. म्हणजे घरोघरचे दळण आता सरकारी पावभट्ट्यांवर आले. हे भट्टीवाले बंद पडले तर शहरात दंगल व्हायची, म्हणून कायद्याने त्यांना धंद्याला जखडूनच टाकले. बापाच्या मागे मुलाने तोच धंदा करायचा. इतकेच नव्हे, भट्टीवाल्याच्या मुलीशी जो लग्न करील त्याच्याही गळ्यात भट्टी पडे. त्या मुलींना स्थळे कशी येत असतील हो? सोक्रातेस नावाच्या इतिहासकाराने तर असे लिहून ठेवले आहे, की या भट्ट्यांना लागून खाणावळी असत आणि तिथे आलेल्या परक्या माणसाला फसवून तळघरात उतरवीत. मग जन्मभर त्याने तिथे दळायचे. घरच्यांना वाटे, गेला बिचारा. शेवटी थिओडोसियस बादशहाच्या एका शिपायाला असेच पकडले, तेव्हा तो खंजीर उपसून वाट काढीत बाहेर आला आणि बादशहाने ती घरे पाडून टाकली.

घरातल्या जात्याचे काय? इ. स. ३०१ मध्ये डायोक्लेशियन बादशहाने महागाई रोखण्यासाठी शेकडो वस्तूंचे भाव ठरवून दिले. त्या यादीत चक्क्याही आहेत. पाणचक्की २००० दिनार, घोड्याची १५००, गाढवाची १२५० आणि हाताचे जाते २५० दिनार. याच यादीत शेतमजुराची मजुरी जेवणासह दिवसाला २५ दिनार धरली आहे. म्हणजे हातजाते दहा दिवसांच्या मजुरीत, तर पाणचक्की ऐंशी दिवसांच्या. शिवाय पाणी काही बाजारात मिळत नाही, पाट नाहीतर नदी दाराशी हवी. पाणचक्कीची युक्ती त्याआधी तीनशे वर्षांपासून ठाऊक होती, तरी हातजात्याचा भाव यादीत लिहावा लागला. गरिबाघरची बाई तोवर खुंट्याशीच बसलेली होती, हे त्या एका ओळीवरून कळते. माझ्या आजीच्या तळहाताला खुंट्याचे घट्टे होते. गावात विजेची गिरणी आली तरी दळणावळीचे पैसे हातात नसत, म्हणून ती पुष्कळ दिवस पहाटे उठून जात्यावरच दळीत असे. म्हणून ती ओळ मी दोनदा वाचली.

आता वेढ्याची हकीकत सांगते. इ. स. ५३७ च्या मार्च महिन्यात गॉथ लोकांचा राजा विटिगिस याने रोमला वेढा घातला. आत बादशहा जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस होता आणि त्याचा चिटणीस प्रोकोपियस हाही तिथेच होता. त्याने डोळ्यांनी पाहिलेले लिहिले आहे. गॉथांनी शहराचे सगळे पाट फोडले. बेलिसारियसने आतून पाटांची तोंडे पक्की बांधून घेतली, कारण आदल्या वर्षी त्याचीच माणसे नेपल्स शहरात पाटातून शिरली होती! चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. पण पाट तुटताच जानिकुलमच्या चक्क्या थांबल्या. धान्य आहे आणि पीठ नाही! जनावरे जुंपावीत तर त्यांना वैरण नाही.

तेव्हा बेलिसारियसने नदीलाच कामाला लावले. पुलाखाली, जिथे प्रवाहाला जोर असतो तिथे, दोन दोन होड्या दोन फुटांचे अंतर ठेवून दोरांनी पक्क्या बांधल्या. प्रत्येक होडीवर जाते ठेवले आणि मधल्या फटीत पाण्याचे चाक सोडले. नदी वाहते आहे तोवर दळण चालू. गॉथांना फितुरांकडून हे कळले, तेव्हा त्यांनी वरून मोठमोठे ओंडके आणि मारलेल्या रोमनांची प्रेते प्रवाहात सोडली. त्यांनी चाके मोडली. मग बेलिसारियसने पुलाच्या वरच्या अंगाला नदीत आडव्या लांब लोखंडी साखळ्या लावल्या. जे वाहत येई ते तिथे अडे आणि माणसे ते ओढून काठावर काढीत. अशा पाण्यावर दळलेले पीठ लोकांनी कसे खाल्ले असेल, असे मनात येते. पण वेढा एक वर्ष नऊ दिवस चालला, आणि भुकेपुढे काय चालते? बायका-मुलांना मात्र सेनापतीने सुरुवातीलाच नेपल्सला पाठवून दिले होते. म्हणजे रोममध्ये तेवढे दिवस दळण पुरुषांकडेच होते.

वेढा उठला तरी होड्यांवरच्या चक्क्या राहिल्या. तिबर नदीत त्या थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत फिरत होत्या.

मी आता दळणाला जाताना पिशवीत आपला लहानसा ताणकाटा ठेवते. आधी गहू टांगते, मग त्याच काट्याला पीठ. पहिल्या दिवशी गिरणीवाला हसला. या महिन्यात घट निम्म्याने कमी आली आहे.